पाठपोट वाचायचे कागद

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनच्या पश्चिमेला पोटोमॅक नदीच्या काठाने लाउडन नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, पसरली आहे. हल्ली इथे मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्यांतलंच एक माझ्या मुलाचं. काउंटी मात्र जुनी. १७५७ मध्ये फेअरफॅक्स काउंटीतून ती वेगळी काढली, आणि तेव्हापासूनचे तिच्या कोर्टाचे कागद लीसबर्ग गावात कोर्टाच्याच दप्तरात आजही आहेत. मुलाकडे कायमची राहायला आल्यावर मी तिथे स्वयंसेवक म्हणून जायला लागले. सुट्या कागदांच्या घड्या उलगडायच्या, कोणता कागद कुठल्या दाव्यातला ते ओळखायचं आणि सूचीत नोंद करायची, असं काम. त्यातले कर्जवसुलीचे दिवाणी दावे मी मुद्दाम मागून घेतले.

मागून घेतले, कारण माझी नोकरी एका सहकारी बँकेत झाली आणि त्यातला मोठा काळ वसुली विभागात गेला. कर्जरोखा, जामीनदार, थकबाकी, समन्स, हुकूमनामा, दरखास्त, जप्ती हे माझे रोजचे शब्द. दप्तरात येणाऱ्या लोकांना बहुतेक वेळा मृत्युपत्रं हवी असतात, नाहीतर जमिनीची खरेदीखतं. सुट्या कागदांत कर्जाचे दावे सगळ्यांत जास्त, पण तिकडे वळणारे फार थोडे. मला वाटलं, माणसं कशी जगत होती हे कळायला कर्जाच्या कागदाइतका सच्चा कागद दुसरा नाही. मृत्युपत्रात माणूस आपल्याला हवं तसं बोलतो. कर्जाच्या दाव्यात त्याने काय घेतलं, कुणाकडून घेतलं, कशाच्या भरवशावर घेतलं आणि शेवटी त्याच्या घरातून काय उचलून नेलं, हे सगळं कोर्टापुढे उघडं होतं.

हे कागद हातात येतात हीच आधी मोठी गोष्ट आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या कितीतरी काउंट्यांचं दप्तर गेलं. काहींनी सुरक्षित राहील म्हणून आपले कागद राजधानी रिचमंडला पाठवले, आणि ३ एप्रिल १८६५ ला रिचमंड पेटलं तेव्हा ते तिथेच जळाले. हॅनोव्हर काउंटीचे बहुतेक जुने कागद असेच गेले. लाउडनचे तेव्हाचे कोर्टाचे क्लार्क जॉर्ज फॉक्स यांनी काउंटीचं दप्तर गाड्यांत भरून दक्षिणेकडे कॅम्पबेल काउंटीत नेलं आणि युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये परत आणलं. आसपासच्या काउंट्यांत सैनिकांनी कोर्टाचे कागद लुटले, फाडले. लाउडनचे वाचले ते या एका माणसाच्या धडपडीमुळे. गठ्ठा उघडताना मला त्यांची आठवण होते, आणि व्हावीच.

आता प्रत्यक्ष काम. इथल्या कोर्टात दाव्याचे कागद तीन घड्या घालून, उभे चिंचोळे करून ठेवत. एका महिन्यात निकाली निघालेल्या दाव्यांचा एक गठ्ठा, वर फीत. व्हर्जिनियाच्या कोर्टांत पुढे असे गठ्ठे लोखंडी खणांत गच्च भरून ठेवले गेले. दोनशे वर्षं घडीत राहिलेला कागद सहजासहजी सपाट होत नाही. हात धुऊन कोरडे करायचे. हातमोजे नाहीत, कारण मोज्यात बोटाला कागदाचा अंदाज येत नाही आणि कोपरा फाटतो. टेबलावर शाईचं पेन आणायचं नाही, फक्त पेन्सिल. मऊ ब्रशने धूळ काढायची, गंजलेली टाचणी असली तर पातळ पात्याने हलकेच सोडवायची, घड्या एकेक करून उलगडायच्या. कागद फार कडक झाला असेल तर तो आपण हाताळायचाच नाही, बाजूला ठेवायचा. जाणकार त्याला दमट हवेत ठेवून नरम करतात. कधी घडीतून बारीक वाळूसारखी भुकटी सांडते. ओली शाई टिपायला तेव्हाच्या कारकुनाने टाकलेली असते ती.

अठराव्या शतकातला कागद चिंध्यांपासून केलेला, त्यामुळे तो आजही मजबूत आहे. लाकडाच्या लगद्याचा १८७० नंतरचा कागद हातात तुटतो. जुन्या कागदाला धोका शाईचाच. लोह आणि मायफळाची शाई काळाची तपकिरी होते, आणि जिथे दाट पडली असेल तिथे कागद खाते. सहीच्या जागी भोक पडलेले कागद मी पाहिलेत.

उलगडून झालं की वाचायचं. हे अक्षर सुरुवातीला परकं वाटतं. एस हे अक्षर शब्दाच्या मध्ये उभं लांब काढलेलं असतं आणि एफसारखं दिसतं. वादी, प्रतिवादी, मृत्युपत्राचा व्यवस्थापक या शब्दांची रूपं दोन-तीन अक्षरांत आटोपलेली असतात. पण एक सोय आहे. पहिले क्लार्क चार्ल्स बिन्स १७५७ पासून होते, त्यांच्यानंतर १७९६ मध्ये त्यांचाच मुलगा त्या जागी आला आणि १८३७ पर्यंत राहिला. बापलेकांनी मिळून ऐंशी वर्षं हे दप्तर चालवलं. त्यामुळे एका कचेरीचं वळण एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं बरंच सोपं जातं. मी एका चांगल्या कागदावरून ए पासून झेडपर्यंतची अक्षरं उतरवून वहीत ठेवली, आणि अडलं की तिथे बघत गेले.

एका साध्या दाव्यात काय काय असतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सगळ्यांत वर असतो कॅपियस, म्हणजे शेरीफला दिलेला हुकूम. अमुक माणूस तुमच्या हद्दीत सापडला तर त्याला धरा आणि पुढच्या महिन्याच्या कोर्टाच्या दिवशी जस्टिसांपुढे, म्हणजे न्याय देणाऱ्यांपुढे, हजर करा. दिवाणी दावा, तरी भाषा धरून आणण्याची. प्रत्यक्षात शेजारीपाजारी जामीन राहत आणि माणूस घरीच राही. १७७६ पर्यंत हा हुकूम इंग्लंडच्या राजाच्या नावाने सुरू होतो. त्यानंतर तोच मजकूर, तेच वळण, फक्त राजाच्या जागी ‘कॉमनवेल्थ ऑफ व्हर्जिनिया’. राज्य बदललं, पण कर्ज मागण्याची रीत होती तीच राहिली.

हुकमाच्या मागे शेरीफचा शेरा: बजावला, सापडला नाही, या काउंटीत राहत नाही. आपल्याकडे बेलिफ समन्सच्या पाठीवर शेरा लिहितो तसाच. मी हा शेरा आधी वाचते, दावा पुढे कसा गेला असेल ते तिथेच निम्मं समजतं.

मग मूळ रोखा. इथे आपल्या माणसाने जरा थांबून पाहावं अशी एक रीत आहे. वीस पौंड कर्ज घेतलेला माणूस लिहून देतो की मी चाळीस पौंडांना बांधलेला आहे. खाली अट: अमुक तारखेपर्यंत वीस पौंड कायदेशीर व्याजासह फेडले तर हा रोखा रद्द, नाहीतर पूर्ण लागू. म्हणजे दुप्पट रक्कम ही धाक घालायला. कोर्टही निकाल चाळीसचाच देतं आणि पुढे लिहितं की वीस, व्याज आणि खर्च भरले की फिटलं. सूचीत नुसती निकालाची रक्कम उतरवली तर सगळी काउंटी दुप्पट कर्जबाजारी दिसेल. म्हणून आम्ही दोन्ही रकमा वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. तिथे दुप्पट ही सावकाराला घातलेली मर्यादा, इथे ऋणकोवर टांगलेली धमकी.

रोख्याखाली सही आणि मोहोर. बहुतेकांकडे मोहोर कुठली असणार, मग लेखणीनेच वेलांटीदार गोल काढून त्यात मोहोर असं लिहिलेलं. ज्याला लिहिता येत नाही त्याची फुली, दोन्ही बाजूंना कारकुनाच्या हाताने त्याचं नाव. काउंटीच्या उत्तरेला लव्हेट्सव्हिलच्या बाजूला जर्मन वसाहत होती. तिकडच्या रोख्यांवर इंग्रजी मजकुराखाली जर्मन वळणाची सही सापडते. त्या माणसाला इंग्रजी मजकूर कितपत वाचता येत होता, हा विचार माझ्या मनातून जात नाही. न वाचता अंगठा उठवलेले कर्जदार मी बँकेत समोर बसलेले पाहिलेत.

दुकानदाराचा दावा असेल तर खात्याचा उतारा जोडलेला असतो, आणि तो वाचताना मला वेळेचं भान राहत नाही. खिळे, मीठ, रम, बंदुकीची दारू, सुया, ओझ्नाबर्ग नावाचं जाडंभरडं कापड. समोरच्या बाजूला जमा: तंबाखूचं पिंप, गव्हाचे बुशेल, बायकोने विणलेलं कापड, चार दिवसांची मजुरी. तंबाखूचा भर आधी फार होता. कोर्टाची फीसुद्धा तंबाखूच्या पौंडांत लावत. पुढे लाउडन गव्हाकडे वळलं. क्लार्क बिन्स यांच्याच घरातल्या जॉन बिन्स यांनी शेतात जिप्सम आणि क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक वापरून जमीन सुधारण्याची पद्धत रूढ केली आणि १८०३ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. त्यानंतरच्या खात्यांत प्लास्टरच्या, म्हणजे जिप्समच्याच, पिंपांची उधारी दिसू लागली की मी ओळखते, शेती बदलते आहे.

पैशाचा हिशेब पौंड, शिलिंग, पेन्सचा. माझ्या आईचा सगळा हिशेब रुपये-आणे-पैचा होता, त्यामुळे बारा आणि वीसच्या पटीची मला धास्ती वाटली नाही. एवढं लक्षात ठेवावं लागतं की ‘व्हर्जिनियाचं चलन’ आणि इंग्लंडचं स्टर्लिंग वेगळं. व्हर्जिनियाच्या सहा शिलिंगांना एक डॉलर. स्वातंत्र्यानंतरही लोक बराच काळ जुन्याच चलनात बोलत राहिले, एकाच दाव्यात रोखा पौंडांत आणि पावती डॉलरमध्ये अशीही सापडते.

निकाल कोण देत? महिन्यातून एकदा बसणारे जस्टिस ऑफ द पीस. वकिली शिकलेले नव्हेत. काउंटीतले जमीनदार, पगार नाही. त्यांची नेमणूक गव्हर्नर करत असे, पण नावं सुचवायचं त्याच कोर्टाने. १८५० च्या दशकापर्यंत हे असंच चाललं. म्हणजे कर्ज देणारे, जामीन राहणारे आणि न्याय देणारे एकाच थरातले. कर्जदार बहुतेक वेळा कोर्टात येतच नाही. क्लार्कच्या कचेरीत आधी सशर्त हुकूम, तरी आला नाही की तो कायम. आपल्या भाषेत एकतर्फी. माझ्या हातून गेलेल्या दाव्यांत खरी लढत झालेला दावा क्वचितच दिसतो.

यावरून लोक बुडवे होते असं कुणी म्हणेल, तर ते मी मानणार नाही. नाणं फार थोडं होतं. मग रोखाच पैशासारखा फिरे. अ ने ब ला लिहून दिलेला रोखा ब त्याच्या पाठीवर सही करून क ला देई, क पुढे ड ला. एकेका रोख्याच्या पाठीवर तीन-चार सह्या, आणि दावा लावणारा माणूस मूळ ऋणकोच्या ओळखीचाही नसे. हुंडी माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच महिन्याच्या गठ्ठ्यात एकच माणूस एका दाव्यात वादी आणि दुसऱ्यात प्रतिवादी दिसतो, कारण त्याचं येणं आल्याशिवाय त्याचं देणं फिटत नाही. ही साखळी दिसायची तर पाठीवरची प्रत्येक सही सूचीत आली पाहिजे.

एक मोठा खंडही या कागदांत दिसतो. १७७४ मध्ये कोर्टाच्या फीचा कायदा संपला, विधिमंडळ गव्हर्नरने बरखास्त केलेलं होतं, आणि व्हर्जिनियाच्या कोर्टांनी कर्जाचे दावे घेणं थांबवलं. पुढे स्वातंत्र्ययुद्ध. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची दुकानं पोटोमॅकच्या खालच्या अंगाला बंदरांवर होती, त्यांची उधारी गावोगाव पसरलेली. ती तशीच लोंबकळली. इंग्लंडशी झालेल्या १७८३ च्या तहात जुनी कर्जं वसूल करण्याला आडकाठी करू नये असं कलम होतं, तरी निकाल लागला १७९६ मध्ये, वेअर विरुद्ध हिल्टन खटल्यात: राज्याच्या कायद्यापेक्षा तह वरचढ. ऋणकोंच्या बाजूने उभे होते जॉन मार्शल, जे पुढे सरन्यायाधीश झाले, ते हरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तहाबद्दल दिलेला इतका मोठा निकाल, आणि त्याच्या मुळाशी उधारीचं एक खातं.

माझं माहेर बारामती तालुक्यातलं. सुपे तिथून जवळ. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावोगावी गेलं. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. व्हर्जिनियाच्या काउंटी कोर्टात, कायद्याच्या बाजूला, मोहोर असलेला रोखा पुढे आला की तो बोलेल ते खरं. फसवणूक झाली म्हणायची तर चॅन्सरीच्या, म्हणजे काटेकोर कायद्याऐवजी न्यायबुद्धीने निवाडा करण्याच्या, वेगळ्या वाटेने जायचं. गरीब माणूस ती वाट कशी धरणार? हे वाचताना मी सुप्याच्या लोकांचा विचार न करता राहूच शकत नाही.

पण ज्या कागदांमुळे मी या कामात खरी गुंतले ते अजून सांगितलेले नाहीत.

पहिला प्रकार भाड्याच्या रोख्यांचा. व्हर्जिनियात गुलाम माणसं वर्षाच्या कराराने भाड्याने दिली जात. करार नव्या वर्षाच्या सुरुवातीला व्हायचा आणि पैसे पुढच्या नाताळला. रोख्यात लिहिलेलं असतं: अमुक नावाच्या माणसाच्या एका वर्षाच्या कामाबद्दल इतके डॉलर, शिवाय त्याला उन्हाळी आणि हिवाळी कपडे, टोपी, घोंगडी, बूट देऊन परत पाठवू. पैसे थकले की दावा. दावा दोन गोऱ्या माणसांमध्ये, पण ज्याच्या अंगमेहनतीवर तो उभा आहे त्याचं नाव रोख्याच्या मध्यभागी. मालकांनी ठेवलेली नावं: सीझर, पॉम्पी, लंडन. नाहीतर साधी, बायबलातली. आडनाव नसतं. मी असा रोखा पहिल्यांदा वाचला तेव्हा कपड्यांच्या यादीपाशी थांबले. घोंगडी आणि बूट करारात लिहावे लागत होते, याचा अर्थ न लिहिले तर मिळतील याची खात्री नव्हती.

दुसरा प्रकार याहून कठीण. निकाल लागला, पैसे आले नाहीत, शेरीफने जप्ती केली. जप्त केलेला माल लिलावाच्या दिवसापर्यंत ऋणकोच्याच ताब्यात ठेवायची सोय होती. ऋणको आणि त्याचा जामीनदार लिहून देत की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी हा माल हजर करू. आपल्याकडचा सुपुर्तनामाच तो. त्यात जप्त मालाची यादी असते. मी नोकरीत सुपुर्तनामे पाहिले आहेत: ट्रॅक्टर, टीव्ही, शिलाई मशीन. इथल्या यादीत एक तपकिरी घोडा, दोन गायी, गादी आणि पलंग, आणि त्याच ओळीत एक बाई आणि तिचं मूल, नावासह.

एका दाव्यात प्रतिवादी विधवा होती. नवऱ्याची मालमत्ता तिच्या ताब्यात व्यवस्थापक म्हणून आली आणि त्याच्यामागे दुकानदार आले. लग्न झालेल्या बाईला तेव्हा स्वतःच्या नावाने दावा लावता येत नसे, नवरा गेल्यावरच तिचं नाव कोर्टाच्या कागदावर येतं, आणि येतं ते बहुतेक वेळा नवऱ्याच्या कर्जासाठी. तिच्या वकिलाने सांगितलं की मालमत्ता वाटून संपली, आता काही शिल्लक नाही. कोर्टाने मानलं नाही. तिच्याबद्दल वाईट वाटतच होतं, तोवर पुढचा कागद उलगडला. तिच्या घरातून जप्त झालेल्यांत एक मुलगी होती, वय लिहिलेलं नव्हतं. म्हातारी असती तर म्हातारी लिहिलं असतं. ‘मुलगी’ एवढंच होतं. लिलावाच्या दिवशी ती कुणाकडे गेली ते शेरीफच्या शेऱ्यात एका ओळीत आहे. विधवेची गोष्ट आणि त्या मुलीची गोष्ट एकाच घडीत ठेवलेली, पण दाव्याच्या नावात फक्त एकीचं नाव.

याचं महत्त्व किती, ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रकं होती; त्यात मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. सगळ्या कृष्णवर्णीय माणसांची नावं पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. वंशावळ शोधणारे लोक याला १८७० ची भिंत म्हणतात. त्या भिंतीपलीकडे जायची वाट मालकाच्या कागदांतून जाते: मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, आणि कर्जाचे दावे. मृत्युपत्रं लोक पाहतात, कारण त्यांची सूची आहे. कर्जाच्या दाव्यात नाव असेल असं सुचत नाही, आणि सुचलं तरी सूची वादी-प्रतिवादींचीच असते. भाड्याने दिलेला माणूस ना वादी, ना प्रतिवादी. सुपुर्तनाम्यातली मुलगीही नाही. जुन्या पद्धतीने सूची केली तर कागद जपला जाईल आणि माणूस हरवेल.

म्हणून माझं म्हणणं असं की कर्जाचा दावा पाठपोट वाचल्याशिवाय सूचीत घ्यायचाच नाही. जामीनदार, साक्षीदार, रोखा पुढे देणारे, शेरीफचा हस्तक, आणि ज्यांना वस्तूंच्या यादीत घातलं ती माणसं, सगळ्यांना रकाना. याला वेळ लागतो. ज्या वेळात दहा दावे नुसत्या नावांनी उरकतात त्या वेळात असे दोन-तीन होतात. आमच्या टेबलावर यावरून चर्चा झाली. आधी सगळ्या गठ्ठ्यांची ढोबळ यादी करावी, बारकावे मागाहून, असं काहींचं मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. न उलगडलेला कागद कुणाच्याच उपयोगाचा नाही. पण मला माहीत आहे, मागाहून करू म्हटलेलं काम कचेरीत होत नाही. घडी एकदाच उलगडली जाते. तेव्हाच डोळे त्यावर आहेत, तेव्हाच लिहून घ्यावं. रिचमंडच्या राज्य ग्रंथालयाने कृष्णवर्णीयांच्या नोंदींसाठी वेगळा प्रकल्पच चालवला आहे, त्यामुळे नावं वेगळी काढण्याची गरज आता पटवून द्यावी लागत नाही. माझ्या वाट्याच्या गठ्ठ्यांना मी तोच नियम लावला.

नाव लिहितानाही पथ्यं आहेत. कागदावर जसं आहे तसं एका रकान्यात, आजच्या प्रचलित रूपात दुसऱ्यात. वय दिलं असेल तर वय, किंमत लावली असेल तर किंमत. किंमत लिहिताना हात थबकतो, पण लिहायची. त्यावरून वयाचा अंदाज येतो, आणि पुढच्या कागदातली तीच व्यक्ती आहे का हे ताडून पाहता येतं. आई आणि मूल एकत्र लिहिलेले असतील तर ते एकत्र होते हे आवर्जून नोंदवायचं. त्यांच्या नात्याचा लेखी पुरावा कदाचित तेवढाच असेल.

एकदा एक बाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या, पूर्वज याच काउंटीतले. मालकाचं आडनाव त्यांना ठाऊक होतं, पणजोबांच्या आईचं पहिलं नाव ठाऊक होतं, त्यापुढे काही नाही. मालकाच्या नावाचे दावे पाहिले, त्यात नव्हतं. मालक ज्याला जामीन राहिला होता त्या शेजाऱ्याच्या दाव्यात सापडलं: भाड्याचा रोखा, त्या नावाची बाई, आणि पुढे ‘तिच्या तान्ह्या मुलासह’. मूल मुलगा की मुलगी ते लिहिलेलं नव्हतं, वर्ष मात्र जुळत होतं. त्यांनी कागदाचा फोटो काढला, मग बराच वेळ पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचली. ती त्यांचीच होती असं मी ठामपणे म्हणणार नाही, त्याही म्हणाल्या नाहीत. पण त्या शेजाऱ्याचं पुढचं खातं पाहायला त्या पुन्हा यायच्या ठरल्या, आणि आल्याही.

कुणाला असा शोध घ्यायचा असेल, इथे किंवा व्हर्जिनियाच्या दुसऱ्या काउंटीत, तर क्रम सांगते. आधी कोर्टाची ऑर्डर बुकं पाहा. तिथे दावा कुठल्या महिन्यात निकाली निघाला ते कळतं. मग त्या महिन्याचा सुट्या कागदांचा गठ्ठा, कारण ऑर्डर बुकात फक्त निकाल असतो आणि माणसं सुट्या कागदांत असतात. त्यानंतर जप्तीच्या नोंदींचं पुस्तक. मालकाच्या नावावर थांबू नका. त्याचे जामीनदार, सासुरवाडीची माणसं, दुकानदार, सगळ्यांचे दावे पाहा. १९०४ मध्ये व्हर्जिनियाची काउंटी कोर्टं बंद झाली आणि काम सर्किट कोर्टाकडे गेलं, म्हणून जुने कागद आज सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे किंवा रिचमंडच्या राज्य ग्रंथालयात मिळतात. चॅन्सरीचे बरेच खटले त्या ग्रंथालयाने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले आहेत. कायद्याच्या बाजूचे साधे कर्जाचे दावे बहुतेक ठिकाणी अजून घडीतच आहेत.

सध्या माझ्यासमोर १८२० च्या दशकातले गठ्ठे आहेत, भाड्याच्या रोख्यांनी भरलेले, आणि हात कमी पडतात. लाउडन, फेअरफॅक्स, प्रिन्स विल्यम भागात राहणाऱ्या मराठी मंडळींत बँकेतून, तहसील कचेरीतून, कोर्टातून निवृत्त झालेले आईवडील घरोघर आहेत. रोखा, जामीन, जप्ती यांची जाण असलेला माणूस या टेबलावर फार लवकर तयार होतो. अक्षराची भीती बाळगू नका, ते बसल्यावर येतं. पेन्सिल तिथे मिळते, चष्मा तेवढा आपला आणा.